मनोहरभाईंची ओळ

मनोहरभाई माणसाला नाव नंतर विचारत, रक्तगट आधी. बडोद्याच्या त्या रसायनांच्या कारखान्यात, कॉम्प्युटर विभागात मी रुजू झाले, त्या सकाळी त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि विचारलं, "बोलो, ब्लड ग्रुप कयुं?" मी गांगरून बी पॉझिटिव्ह म्हटलं. "चालशे," ते म्हणाले, "गर्दीतला आहे, पण चालशे." मग नाव विचारलं. मी वैशाली म्हटल्यावर ते मराठीत आले आणि चहा मागवला. माणूस घरात मनोहरराव होता, पण कारखान्यात गुजराती रिवाजाने सगळ्यांचा भाई.

त्यांच्याजवळ रक्तदात्यांची एक यादी होती. साधी मजकुराची फाइल. एका माणसाला एक ओळ: नाव, रक्तगट, राहण्याचा भाग, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं आणि एकूण किती वेळा. ती वाचायला त्यांनी स्वतः एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिला होता, त्याचं नाव 'शोध'. ना चित्रं, ना बटणं. काळ्या पडद्यावर शोध, पुढे रक्तगट आणि भाग टाइप करायचा, की रक्त देऊन तीन महिने उलटलेली माणसं खाली उमटत. ज्याने देऊन सर्वांत जास्त दिवस झाले, तो सर्वांत वर. दुपारी जेवणाच्या सुट्टीतसुद्धा दवाखान्यातून कुणाचा तरी फोन यायचा आणि डबा तसाच ठेवून मनोहरभाई नंबर सांगत बसायचे.

एकदा एक विक्रेता मोठं डेटाबेसचं पॅकेज घेऊन आला आणि तासभर बोलला. मनोहरभाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि आपली फाइल नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. "ही शिपायालाही वाचता येते," ते म्हणाले. "साधं लिहिलं की साधं सापडतं. मी गेल्यावर कुणाला माझा पासवर्ड शोधत बसायला नको." विक्रेता चहा पिऊन गेला. मी मात्र मनात त्यांना जुनाट म्हटलं होतं, हे आज कबूल करते.

त्या हट्टामागचं कारण मला सुधाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने सांगितलं. मनोहरभाईंच्या धाकट्या भावाला, मुकुंदाला हरणी रोडवर अपघात झाला होता. रक्तगट ओ निगेटिव्ह, दुर्मीळ. मनोहरभाईंचाही तोच, पण त्यांनी महिन्यापूर्वीच कुणाला तरी रक्त दिलेलं, म्हणून डॉक्टर त्यांचं घेईनात. दवाखान्यातल्या वहीत तीन नावं होती. पहिला माणूस वारलेला, दुसऱ्याची बदली झालेली, तिसऱ्याचा नंबर चुकीचा. मुकुंदा गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. म्हणून मनोहरभाई पुन्हा पुन्हा म्हणत, "वैशालीबेन, यादी साची पाहिजे. लांब नसली तरी चालशे."

यादी खरी ठेवायची त्यांची एक रीत होती. दाता वारला तर ओळ पुसायची नाही. ओळीच्या सुरुवातीला फुली मारायची. फुलीची ओळ शोध वगळत असे. पण ही फुली फोनवर ऐकून मारायची नाही. आधी त्या घरी जायचं आणि घरच्यांना ती ओळ वाचून दाखवायची. मांजलपूरला एका शिक्षकाच्या घरी मी त्यांच्याबरोबर गेले होते. मनोहरभाईंनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि वाचलं: अमुक अमुक, बी निगेटिव्ह, एकवीस वेळा. शिक्षकाच्या मुलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने तो कागद मागून घेतला.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मनोहरभाई गेले. रविवारी दुपारी जेवून पानावरून उठले आणि हात धुता धुता कोसळले. यादी माझ्याकडे आली. फुली मारायचं काम माझं होतं आणि त्याआधी सुभानपुऱ्याला काकूंकडे जाऊन ओळ वाचायचं कामही माझंच. मी गेले नाही. दहाव्याला गेले, तेराव्याला गेले, कागद मात्र पर्समधून काढला नाही. फाइल उघडली की ती ओळ दिसायची, बाकीच्यांसारखीच, आणि मला वाटायचं, असू दे. माझ्या एका आळसाने कुणाचं काय अडणार होतं?

अडलं. मी रजेवर होते. जिग्नेश नावाचा नवा मुलगा माझ्या जागी बसला होता, त्याने मनोहरभाईंना पाहिलेलं नव्हतं. बाळंतपणात अडलेल्या एका बाईसाठी ओ निगेटिव्ह हवं होतं. शोधने नियमाप्रमाणे सर्वांत जुनी तारीख वर आणली. गेलेला माणूस रक्त देत नाही, त्याची तारीख जुनीच होत जाते. जिग्नेशने फोन करणाऱ्या माणसाला पहिला नंबर वाचून दाखवला. फोन सुधाकाकूंच्या घरी वाजला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला बोलावलं. बाई वाचली होती, दुसरा दाता वेळेवर पोचला होता. काकू रागावल्या नव्हत्या, ते जास्त लागलं. "तो फोनवरचा माणूस म्हणत होता, भाईने बोलावो ने, भाईंना बोलवा ना," त्या म्हणाल्या. "भाई नाहीत हे मला लगेच सांगता येईना, गं. त्याची दोन मिनिटं माझ्या घरात गेली. मुकुंदाच्या वेळी अशीच गेली होती."

मी पर्समधून कागद काढला. चार महिने तो तिथेच होता. मी वाचलं: मनोहर, ओ निगेटिव्ह, सुभानपुरा, चौसष्ट वेळा.

"मला चाळीसएक ठाऊक होत्या," काकू म्हणाल्या. "बाकीच्या वेळी उशीर झाला म्हणून भांडले असेन मी." मग त्यांनी कागद घेतला, घडी घातली आणि म्हणाल्या, "जा आता. मार फुली."

ऑफिसात येऊन मी फाइल उघडली. ओळीच्या आधी एक अक्षर, एवढंच काम. ते केलं, फाइल जतन केली आणि काळ्या पडद्यावर लिहिलं: शोध, ओ निगेटिव्ह, सुभानपुरा. उत्तर लगेच आलं. दोन नावं होती, दोन्ही जिवंत माणसांची. यादी साची झाली होती. ते गेले त्या दिवशी मी रडले नव्हते, एवढी त्या दोन नावांपुढे बसून रडले.