उतरलेल्या सेलवरचा आवाज

तुमच्या काकाचा आवाज कसा होता, असं तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी विषय बदलला. आता नीट सांगते, कारण सोबत डिस्क पाठवते आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही आटगावला राहत होतो. मी शहापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि तुमचे आजोबा मुरबाडच्या कचेरीत होते. तुमचे बाबा शिकायला परदेशी गेले आणि धाकटा, म्हणजे तुमचा काका, आमच्याजवळ राहिला. बाबा तिकडून त्याला नव्या बँडच्या कॅसेटी पाठवत. बहुतेक रॉक, आणि काही पॉवर-पॉप नावाचा प्रकार. तो काय असतो असं मी विचारलं, तर काका म्हणाला, "गिटारी भांडणातल्या आणि चाल लग्नातली." इतकी नेमकी व्याख्या मला वर्गात कधी सुचली नाही.

काका उत्तराला पत्र लिहीत नसे. पडवीत बसून कोऱ्या कॅसेटवर बोलत असे आणि ती कॅसेट पोस्टाने जाई. एका बँडचा ड्रमवाला भात झोडल्यासारखा वाजवतो, पण ताल सोडत नाही, असं त्याचं मत होतं. दुसरी एक टोळी पहिल्या कॅसेटमध्ये चांगली होती, पुढे केस विंचरायला लागली आणि संपली. गाण्यांचे शब्द कळले नाहीत की तो मला ऐकवायचा. त्यामुळे हळूहळू मलाही मतं फुटली. आरडाओरडा मला चाले, शब्द गिळणारे चालत नसत.

चौघांच्या एका बँडवर मात्र आमचं दोघांचं एकमत होतं. त्यांचा गायक खर्जात, दमून, एकेक शब्द खाली ठेवल्यासारखा गायचा. काका म्हणायचा, "आई, बाकीच्यांना कुठंतरी पोचायचंय. यांना घाई नाय."

तुमचे बाबा उलट कळवत की तो गायक दमलेला कुठला, तो तर पळत सुटतो, आणि तू स्वतः उंदरासारखा चिरकतोस, जरा हळू बोल. यावर आम्ही सगळे हसायचो. दादाची मशीन बिघडली आहे, असं ठरलं.

संध्याकाळी विजेचा दाब इतका कमी असे की टेपरेकॉर्डर सेलवरच चालायचा. सेल उतरले की काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचे आणि तापले की परत घालायचे. आजूबाजूच्या सगळ्या घरांत हीच रीत होती. नवे सेल आणण्याची वेळ क्वचित येई. त्यामुळे आमची मशीन कायम संथ फिरत होती, हे कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं.

एका पावसाळ्यात काकाला कावीळ झाली आणि तो गेला. कपाटात पोस्टात न टाकलेली एक कॅसेट सापडली. ती लावायचा धीर आम्हाला बरेच दिवस झाला नाही. लावली तेव्हा तो जसा होता तसाच बोलला, त्याच चौघांच्या नव्या गाण्यांबद्दल. थोड्या वेळाने आवाज जड होत गेला, घोगरा झाला, थांबला. आजोबा उठले, शहापूरला गेले आणि नवे सेल घेऊन आले.

नव्या सेलवर कुणीतरी भलताच मुलगा बोलू लागला. पातळ आवाज, घाईघाईचा. संथ मशीनवर भरलेलं बोलणं आता पूर्ण वेगाने फिरत होतं. आजोबांनी बटण बंद केलं. मी चौघांची जुनी कॅसेट लावून पाहिली. गायक दमलेला नव्हताच. तो तरुण होता, मजेत होता, पळत होता. आम्हाला त्याच्यात जे आवडत आलं, ते आमच्या सेलांचं होतं.

त्यानंतर नवे सेल आम्ही आधी बॅटरीत वापरून थोडे उतरवत असू. मग ते टेपमध्ये घातले की सुरुवातीला तो परका मुलगा बोले, शेवटी घरघर उरे, आणि मधे थोडा वेळ तुमचा काका येई. तेवढ्यासाठी आम्ही बसायचो. पुढे पुढे मला एका गोष्टीची भीती वाटू लागली. तो मधला भाग कधी सुरू झाला, हे मला पूर्वीसारखं चटकन ओळखता येईना.

काही वर्षांनी कॅसेटची फीत झिजू लागली. शहापुरात लग्नाच्या फिती डिस्कवर करून देणारा एक दुकानदार होता. त्याच्या कॉम्प्युटरवर वेग कमीजास्त करता येत होता. तो म्हणाला, "काकू, बरोबर वाटेल तिथं थांबा म्हणा."

काकाचं तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाजत राहिलं. "दादा, हे लोक मोठे होणार नाईत. पण यांचं गाणं संपलं का खोली रिकामी वाटते." एका ठिकाणी मी थांबा म्हणाले. तो तोच होता, शपथेवर सांगितलं असतं.

आजोबा म्हणाले, "अजून हळू."

दुकानदाराने वेग उतरवला. मला तो आवाज प्रौढ वाटला, कुणा थोराचा. तसं मी बोलले. आजोबांनी त्याला कॅसेट थोडी पुढे न्यायला सांगितली. तिथे मागून एक बाई जेवायला हाक मारते. ती मीच. आजोबांच्या वेगाने ती वाजली, मग माझ्या वेगाने वाजली.

"ही तुझी हाक नाय," आजोबा सावकाश म्हणाले. "तुझा आवाज असा पातळ कधीच नव्हता. पहिल्या वेळी तू होतीस."

स्वतःचा आवाज स्वतःला ओळखता येत नाही. दुकानदार पडद्याकडे बघत बसला. मी जाऊन बाकावर बसले. म्हणजे कितीतरी दिवस मी ज्याला ऐकत होते तो माझा मुलगा नव्हता, जवळपास तसा कुणी होता.

दोन डिस्क करून घेतल्या. तुम्हाला पाठवते आहे ती आजोबांच्या वेगाची. काका असाच बोलायचा, हे मी आता त्यांच्या शब्दावर मानते. दुसरी माझ्याकडे आहे. दुपारी आजोबा झोपले की लावते. तिच्यातल्या मुलाची मला सवय झाली आहे.