‘बहुधा’ न लिहिणारे नाना

नाना गोणपाट चाखून निवाडा देत. खिदिरपूरच्या गोदीत बोटीतून उतरलेलं खोकं भिजलेलं निघालं, की ते समुद्रात भिजलं की धक्क्यावर, यावरून बोटवाले आणि विमेवाले हातघाईवर येत. मग सर्व्हेअर म्हणून नानांना बोलावणं जाई. खोक्यावरच्या गोणपाटाची चिंधी ते जिभेला लावत आणि ‘समुद्र’, ‘गंगा’ किंवा ‘पाऊस’ यांतला एक शब्द उच्चारत. एकदा अशी चिंधी खिशातून घरी आली आणि चहाच्या आधी मलाही चाखावी लागली. मी बेतानं म्हटलं, “बहुधा खारट.” नानांचा चेहराच पडला. “सूनबाई, बहुधा हा शब्द माझ्या रिपोर्टात सत्तावीस वर्षांत आलेला नाही. खारट म्हणा, नाहीतर माहीत नाही म्हणा.”

मी काही त्यांची सून नव्हे. देश स्वतंत्र होऊन दोन वर्षं झाली होती, माझ्या लग्नाला सहा महिने. ह्यांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली आणि भवानीपूरच्या एका गल्लीत आम्ही खालचा मजला भाड्यानं घेतला. वर नाना आणि माई. पहिल्याच दिवशी माई वाटीभर भाजणी घेऊन खाली आल्या आणि मागोमाग नाना आले. त्यांनी गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. “कान कसा आहे तुमचा?” एवढंच विचारलं. सोलापुरात शाळेत असताना पेटी शिकले होते, म्हणून सांगितलं. “मग रविवारी नऊला वर या.”

रविवारी नऊला वर जो आवाज सुरू झाला, तो ऐकून मला वाटलं, घरात काहीतरी पडलं. एका रशियन संगीतकारानं नृत्यनाट्यासाठी रचलेलं ते संगीत होतं. शंभरेक वाद्यांचा ताफा, आणि गोष्ट अगदी साधी. जुन्या काळचं एक गाव, वसंताची सुरुवात. जमीन पिकावी म्हणून गावातली म्हातारी मंडळी एक मुलगी निवडतात आणि ती मरेपर्यंत नाचते. सुरुवातीला एकच वाद्य एकटंच उंच सुरात काहीतरी आठवत बसतं आणि मग सगळे मिळून पाय आपटायला लागतात. नाना मांडीवर ताल धरत आणि दर वेळी तोंडघशी पडत. “बघा, सम दाखवतो आणि काढून घेतो! लबाड आहे लेकाचा!” म्हणून खूश होत. माई आतून म्हणत, “पाट्यावरून वरवंटा पडला तरी एकदाच पडतो.”

हा रेकॉर्डींचा संच म्हणजे नानांच्या धंद्याचंच अपत्य. समुद्राच्या पाण्यात भिजलेलं, कुणी सोडवून न नेलेलं एक खोकं लिलावात निघालं, ते नानांनी घेतलं. आत पुठ्ठ्याच्या जाड वहीसारख्या बांधणीत चार रेकॉर्डी होत्या, म्हणजे आठ बाजू. खाऱ्या पाण्यानं मधल्या गोल चिठ्ठ्या धुऊन गेल्या होत्या, पण रेकॉर्डी आपापल्या कप्प्यांत शाबूत होत्या. नाना कप्प्यांच्या क्रमानं त्या लावत, आधी पुढची बाजू, मग पाठ. कुणीही तशाच लावल्या असत्या.

त्या क्रमात ती मुलगी दुसऱ्याच बाजूला मरे. पुढं सहा बाजू गाव नाचत राही, आणि शेवटची बाजू मात्र अगदी हळू, दबक्या पावलांची. नानांचा सगळा जीव त्या शेवटावर. “मुलीला मारून पडदा पाडणं सोपं आहे. पण मागं राहिलेल्यांचं काय? ते कसे नाचतात, कसे थकतात, कसे गप्प होतात, हे दाखवायला धैर्य लागतं. या माणसाकडे ते आहे.” त्यांनी हे सांगितलं, की मला दर वेळी ते नव्यानं पटत असे.

या रविवारांचे दुसरे मानकरी मुखुज्जेमोशाय. समोरच्याच घरात राहत आणि कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत. नाना जितके ठाम, तितके हे सावध. त्यांच्या दर वाक्यात एक ‘बोधहय’ असे. म्हणजे आपलं ‘बहुधा’. “बोधहय वृष्टि हबे,” असं ते भर पावसात छत्री उघडताना म्हणत. नाना त्यांना चिडवत, “प्रोफेसर, तुमचं लग्न तरी झालंय ना नक्की?” पण ज्या वर्षी दंगलीत शहर पेटलं होतं, त्या वर्षी हे भित्रे मुखुज्जे रोज संध्याकाळी नाना गोदीतून परत येईपर्यंत गल्लीच्या तोंडाशी उभे राहत. हे मला माईंनी सांगितलं. नाना त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

आम्ही येऊन दोन वर्षं झाल्यावर मुखुज्ज्यांच्या भाच्यानं अमेरिकेहून त्याच संगीताचा दुसरा संच पाठवला. तोही आठ बाजूंचाच. वाजवणारे वेगळे आणि चिठ्ठ्या कोऱ्या करकरीत. नानांना आभाळ ठेंगणं झालं. आता तुलना होणार! वाद्यवृंद चालवणाऱ्याला नाना गोदीतल्यासारखं ‘मुकादम’ म्हणत. पहिली बाजू दोन्ही मुकादमांची ऐकून झाली. “तुमचा मुकादम घाईचा आहे,” नाना म्हणाले, “माझा दाराशी चपला काढून आत येतो.” मुखुज्ज्यांनीही हसून मान डोलावली. मग दुसरी बाजू लागली आणि दोन्हींकडे वेगवेगळंच निघालं. मुखुज्ज्यांच्या संचात मुलगी थेट आठव्या बाजूला मेली आणि तिथंच सगळं संपलं.

“तुमच्या मुकादमानं क्रम फिरवलाय,” नाना म्हणाले. मुखुज्ज्यांनी चिठ्ठ्यांवरचे आकडे दाखवले. “चिठ्ठ्या कारकून छापतो. मी कानावर जातो.” तेव्हा मुखुज्जे हळूच म्हणाले, “नानाबाबू, बोधहय भूलटा आपनार.” चूक बहुधा तुमची. एवढंच. पण खोलीत चार पाहुणे होते, आणि सत्तावीस वर्षांत नानांचा निवाडा कुणी फिरवला नव्हता. नाना उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. मुखुज्ज्यांनी आपल्या रेकॉर्डी गोळा केल्या आणि ते जिना उतरले.

मग वर्षभर रविवारी नऊला गल्लीच्या दोन्ही बाजूंना एकच संगीत दोन क्रमांनी वाजत राहिलं. मला तेव्हा हसू येई, आता येत नाही. नाना निवृत्त होऊन चैत्रात सांगलीला कायमचे जाणार होते. माई एकदा भाजी निवडताना म्हणाल्या, “बारा वर्षांचा शेजार. हे असेच निघून जातील आणि मग तिकडं जन्मभर कुढतील. चुकलो म्हणायला यांच्या जिभेला वळणच नाही.”

माघात आम्ही ह्यांच्या मॅनेजरांकडे चहाला गेलो. त्यांच्याकडे नवं यंत्र होतं. रेकॉर्डींची चळत वर ठेवायची, की एकेक आपोआप खाली पडून वाजे. चळत संपली, की सगळी एकदम उलटी करून पुन्हा ठेवायची. मी विचारलं, मग पाठीवरच्या बाजूंचा क्रम कसा जुळतो? “या यंत्रासाठी संचच वेगळे काढतात,” ते म्हणाले, “पहिल्या रेकॉर्डच्या पाठीवर शेवटची बाजू असते.” मी बशी खाली ठेवून बोटांवर मोजलं. एक-आठ, दोन-सात, तीन-सहा, चार-पाच! नाना इतकी वर्षं यंत्रासाठी काढलेला संच हातानं वाजवत होते.

घरी येताना हे म्हणाले, “तू तोंड उघडू नकोस. नानांना चूक दाखवायची म्हणजे वाघाला आंघोळ घालायची.” मी तोंड उघडलं, पण वेगळ्या रीतीनं. रविवारी वर गेले आणि विचारलं, “नाना, चिठ्ठी धुऊन गेली, तर रेकॉर्डवर दुसरा काही मार्क असतो का हो?”

“मालाला मार्क नसेल असं होतच नाही,” नाना म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. गोदीतलं भिंग काढून ते रेकॉर्ड उजेडाला तिरकी धरून बघू लागले. चिठ्ठीच्या जागेभोवती काळ्या लाखेत बारीक आकडे कोरलेले होते. पुढच्या बाजूंवर एक, दोन, तीन, चार. पाठींवर आठ, सात, सहा, पाच. जन्मभर दुसऱ्यांच्या गाठींवरचे मार्क वाचणाऱ्या माणसानं स्वतःच्या मालाचा मार्क पाहिला नव्हता. त्यांनी दोनदा तपासलं. मग सगळं संगीत योग्य क्रमानं लावलं, मुलगी शेवटी मेली, आणि नाना म्हणाले, “मुखुज्जे बरोबर होता.” माई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या.

नाना टेबलाशी बसले आणि त्यांनी रिपोर्ट लिहिला. इंग्रजीत, कचेरीच्या थाटात. आशय असा : ‘माल, ग्रामोफोनच्या रेकॉर्डी, नग चार. मार्क तपासले, स्वच्छ वाचता येतात. पाण्यानं झालेलं नुकसान, फक्त चिठ्ठ्यांचं. क्रम चुकीचा लावला गेला. दोष मालाचा नाही, बोटीचा नाही, पाहणी करणाऱ्याचा आहे. प्राध्यापक मुखुज्जे यांचं म्हणणं पहिल्यापासून बरोबर होतं.’ खाली सही. धोतर बदलून, कोट चढवून ते गल्ली ओलांडून गेले. पुरावा मी शोधला म्हणून मलाही सोबत नेलं.

मुखुज्ज्यांनी उभ्याउभ्याच कागद वाचला, पुन्हा वाचला. “एकटाओ बोधहय नेइ!” ते म्हणाले. एकही ‘बहुधा’ नाही! मग गोदीत माल घेणारा लिहितो, तसं त्यांनी खाली लिहिलं, ‘चांगल्या स्थितीत मिळाला’, आणि सही केली. “चा खाबेन तो?” त्यांनी चहाचं विचारलं. नाना म्हणाले, “खाबो.” त्यांना आलेलं सगळ्यात शुद्ध बंगाली तेवढंच.

उरलेले सगळे रविवार दोघांनी भांडण्यात घालवले. नाना म्हणत, “क्रम तुमचा खरा, पण शेवट माझाच बरा. मागं राहिलेल्यांचं काय?” मुखुज्जे म्हणत, चुकीतून निघालेला निष्कर्ष बरोबर कसा असेल? हावड्याला गाडी हलली, तरी नाना खिडकीतून बोट नाचवत हाच वाद घालत होते.

दीड वर्षानं माईंचं कार्ड आलं. नाना झोपेतच गेले होते. मीच ते कार्ड समोर मुखुज्ज्यांकडे घेऊन गेले आणि मोडक्या बंगालीत वाचून दाखवलं.

त्या रविवारी नऊला समोर रेकॉर्ड लागली. मी तांदूळ निवडत होते. पहिली बाजू संपली आणि लगेच त्या मुलीचा मरणाचा नाच सुरू झाला. मी सूप खाली ठेवलं आणि तशीच गल्ली ओलांडली. मुखुज्ज्यांनी रेकॉर्डी पलंगावर मांडल्या होत्या. त्यांच्या संचात नानांचा क्रम लावायचा, तर दर बाजूला उठायचं, ही ठेवायची, ती शोधायची, ग्रामोफोनला चावी द्यायची. वाकताना त्यांच्या गुडघ्याला त्रास होत होता. मी हात पुढं केला, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. शेवटी ती हळू, दबक्या पावलांची बाजू लागली. ती संपल्यावर त्यांनी पिन उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “नानाबाबूर शेषटाइ ठिक.”

नानांचा शेवटच बरोबर. मी थोडा वेळ थांबले. त्यांचं ‘बोधहय’ काही आलं नाही.