मापाचं लिंबू

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी काही शौर्य गाजवीन अशी आशा कोणी ठेवायला नको. लहानपणी कुत्र्यांना भ्यायचो, नोकरीत डॉक्टरांना भ्यालो आणि आता घरी बायकोला भितो. पण त्या शनिवारचं भेव वेगळं होतं. माझ्या डब्यातल्या अर्ध्या लिंबापायी एका म्हातारीच्या जिवावर बेतलं होतं, आणि ही गोष्ट त्या साऱ्या गावात फक्त मला माहीत होती.

धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी जन्मभर एक्स-रे काढले. रिटायर झाल्यावर पहिले चार महिने घरात बसून बायकोचं डोकं खाल्लं. मग मुलीनं नवा फोन घेतला आणि तिचा जुना कॅमेरा माझ्या अंगावर टाकला. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, काडेपेटीएवढ्या पडद्याचा, झूम नावालाच. म्हटलं, चला, फोटो काढणं एवढं एकच काम आपल्याला येतं. माणसांचे आतले फोटो खूप काढले, आता बाहेरचं काहीतरी काढू.

नागपूरच्या आसपास, काटोलच्या रस्त्याला, सावनेरच्या अंगाला, उघड्या माळावर मोठाले काळे दगड गोल मांडून ठेवलेले दिसतात. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपली मेलेली माणसं त्या गोलांत पुरली, वरून मुरूम भरला आणि भोवती हे दगड लावले. एकेक दगड चार माणसांना हलणार नाही. काही दगडांवर छोटे उथळ खळगे ओळीनं कोरलेले आहेत, बोटाचं पेर मावेल एवढे. कशासाठी कोरले, कोणाला सांगता येत नाही. मला त्या खळग्यांचं वेडच लागलं. सावनेरकडच्या एका फाट्यावर उतरून दर शनिवारी मी त्या माळावर जायला लागलो.

पण माझ्या कॅमेऱ्यात खळगे उमटेनात. काळ्या दगडावर काळा खळगा, नुसता अंधार. तेव्हा मला दवाखान्यातली युक्ती आठवली. पोटाचा फोटो काढताना आम्ही रोग्याला पांढरं बेरियम पाजतो, म्हणजे आतडी उठून दिसतात. मी बायकोच्या डब्यातून तांदळाचं पीठ नेलं आणि चिमूट चिमूट खळग्यांत भरलं. काय फोटो आला म्हणून सांगू! पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन सरळ ओळी. काम झालं की मी ब्रशनं पीठ झाडून टाकायचो. थोडं आत राहायचं, तेवढ्याचं काय मोठं.

दुसरी अडचण मापाची. एक्स-रेच्या प्रत्येक फिल्मवर उजव्या-डाव्याचं शिशाचं अक्षर ठेवायची मला सवय. त्याच्याशिवाय फोटो मला नागडा वाटतो. दगड केवढा आहे हे कळायला शेजारी काहीतरी ठेवायला हवं. रुपया ठेवून पाहिला, तो दिसलाच नाही. मग डब्यातलं लिंबू ठेवलं. पिवळंधम्मक, काळ्या दगडावर लांबूनसुद्धा दिसावं असं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फोटोत एक लिंबू आहे. काम संपलं की मी त्याच गोलात बसून डबा खायचो. लिंबू कापायचं, अर्धं वरणात पिळायचं, अर्धं तिथंच राहायचं.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात लिंबू म्हणजे वरणात पिळायचं फळ, एवढंच. दारात लिंबू-मिरची नाही, उतारा नाही, करणी नाही. असलं काही आजोबांच्या कानावर पडलं की ते काठी घेऊन उठत. त्या घरात वाढलेल्या माणसाला पांढरे ठिपके, कापलेलं लिंबू आणि मेलेल्यांची जागा एकत्र पाहून काहीसुद्धा वाटलं नाही. आम्ही एवढे शहाणे, की दुसऱ्याच्या डोळ्यांना काय दिसतं तेच विसरलो.

माळाच्या कडेला एक म्हातारी एकटी राहायची. कुडाची झोपडी, सहा बकऱ्या, आणि जीभ कात्रीसारखी. पहिल्याच दिवशी तिनं मला झापलं होतं, की बकऱ्यांच्या चाऱ्यात पाय काहून घालून राहिला. मग लोटाभर पाणी दिलं. ते दगड म्हणजे जुन्या गवळ्यांचे गोठे, असं तिनं मला समजावलं. मी मेलेल्या माणसांचं सांगितलं तर हसली, म्हणाली, मेलेले बरे, त्रास देत नाहीत. पुढं दर शनिवारी ती येऊन बसायची. एकदा उतरत्या दगडावर लिंबू ठरेना, घरंगळत राहिलं, तर मी तिला ते धरायला सांगितलं. तिनं दोन बोटांनी धरलं आणि मी फोटो काढला. फोटोत फक्त मनगटापर्यंतचा हात आला, गोंदलेला.

तर तो शनिवार. फाट्यावर उतरलो, नेहमीच्या टपरीवर चहा सांगितला. टपरीवाला आज बोलायच्या भरात होता. म्हणाला, माळाकडे जाऊ नका काकाजी, तिकडं करणी निघाली आहे. दगडांवर पांढरे ठिपके घातले, कापलेली लिंबं ठेवली. एकाची म्हैस मेली. त्याच घरची सून आठ दिवस तापानं फणफणली आहे. कोणी केलं हे सापडलं. माळावरची म्हातारी. दोघांनी आपल्या डोळ्यांनी तिला गोलातली लिंबं उचलताना पाहिलं. आता अकराला पारावर बैठक आहे, तिला घेऊन येतील. त्या सुनेच्या दिरानं काठी तेल पाजून ठेवली आहे, असंही तो सांगून गेला.

मी चहा खाली ठेवला. मांडीवर पिशवी होती. पिशवीत पिठाची डबी, दोन लिंबं, सुरी आणि कॅमेरा. मला वाटलं, या माणसाला पिशवीच्या आतलं दिसतं आहे. तेवढ्यात नागपूरची बस समोर येऊन उभी राहिली.

मी बसमध्ये चढलो.

लपवून काय उपयोग? चढलो, तिकीट काढलं, खिडकीपासून दूरच्या सीटवर बसलो. मनात एकच, की कोणी मागून येत तर नाही ना. मग कॅमेरा काढला आणि फोटो पुसायला लागलो. पहिल्यापासून, एकेक करून. प्रत्येक वेळी तो विचारायचा, पुसायचा का, आणि मी बटण दाबायचो. पीठ गेलं, लिंबू गेलं, दगड गेला. तीन आठवड्यांची मेहनत. असे वीसेक पुसले असतील, आणि पडद्यावर तो हात आला. गोंदणाच्या हिरव्या खुणा, बोटं थोडी वाकडी, त्यांत माझं लिंबू नीट धरलेलं. माझा अंगठा बटणावरच होता. मला तो दाबता येईना. मी हमसून रडलो, चारचौघांत, साठीचा माणूस. कंडक्टरनं विचारलं, दवाखान्यात कोणी आहे का. मी म्हटलं, उतरवा मला.

परतीला वाहन नव्हतं. पायी निघालो. दुतर्फा पळस पेटला होता आणि माझं लक्ष फक्त घड्याळाकडे. साडेदहा. पावणेअकरा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, प्रत्येक मोटारसायकल मलाच शोधत येते आहे असं वाटायचं. मध्येच मनानं उचल खाल्ली, की आता उशीर झालाच आहे, पोलिसांना फोन करू आणि घरी जाऊ. फोन लावलासुद्धा. पलीकडच्यानं गावाचं नाव विचारलं, पाठवतो म्हणाला. पण ते येईपर्यंत तिथं काय होईल, हे मी दवाखान्यात पाहिलेलं होतं. असल्या भांडणांत मोडलेली हाडं मीच फिल्मवर घेतलेली होती. मी चालत राहिलो.

पाराभोवती चाळीसेक माणसं होती. म्हातारी खाली मातीत बसली होती, डोक्यावरचा पदर सरकलेला, एका पायात चप्पल नाही. अजून कोणी हात लावला नव्हता, पण तो दीर काठी टेकून अगदी तिच्याजवळ उभा होता. पोलीस पाटील मधे बसून सगळ्यांना शांत व्हा, शांत व्हा म्हणत होता आणि त्याचं कोणी ऐकत नव्हतं. मी पुढं गेलो. काय बोलायचं ते वाटेत दहादा घोकलं होतं, ते सगळं विसरलो.

"ते मी केलं," एवढंच बोललो.

मग तुटक तुटक सांगत गेलो. फोटोचा छंद, पीठ, मापाचं लिंबू. पिशवी पालथी करून दाखवली. लोक पुढं सरकले. कोणीतरी म्हणालं, हिनंच याला बोलावलं असेल. कोणी म्हणालं, शहरातला मांत्रिक दिसतो. कोणीतरी माझी कॉलर धरली, आणि मी, सांगायला लाज वाटते, डोळे मिटून घेतले. पोलीस पाटलानं त्याला मागं ओढलं आणि कॅमेरा मागितला.

पडद्यावर शेवटचा फोटो आला. दगड, ठिपके, लिंबू. पोलीस पाटलानं मान हलवली. मला वाटलं, सुटलो. मग त्यानं पुढचं बटण दाबलं. शेवटच्यानंतर तो कॅमेरा फिरून पहिल्यावर येतो. आणि पहिले सगळे मी बसमध्ये पुसून टाकलेले होते. उरलेल्यांतला पहिला होता तो हात.

दीर वाकून पाहत होता. त्यानं विचारलं, "हा हात कोनाचा हाय?"

माझ्या बायकोचा म्हणावं, एवढं खोटंसुद्धा सुचलं नाही. गोंदण स्पष्ट दिसत होतं आणि तोच हात मातीत टेकलेला होता. सगळे आळीपाळीनं दोन्हीकडं पाहायला लागले. मीच पुसता पुसता तिला सगळ्यांत पुढं आणून ठेवलं होतं.

तेव्हा म्हातारी बोलली. आवाज चढवला नाही.

"माहा हाय. या भाऊनं पकडाले सांगतलं, मी पकडलं. लिंबंबी मीच नेली. हा अर्धं फेकून जाये. चांगलं लिंबू कायले फेकाचं? वरनात पिळलं अन् खाल्लं. तीन हप्ते खाऊन राहिली, मले काही झालं नाही."

मग मला जे सुचलं ते शौर्य नव्हतं, घाबरलेल्या माणसाचं वेड होतं. मी पिशवीतून पडलेलं लिंबू उचललं आणि सालीसकट चावलं. कडू, आंबट, बी दाताखाली फुटलं, डोळ्यांतून पाणी. ते गिळून पिठाची डबी तोंडात ओतली. ठसका लागला, सगळ्या अंगावर पीठ उडालं. मागं एका बाईला हसू फुटलं. मग आणखी एकीला. दीर काही हसला नाही, पण काठी त्यानं खांद्यावर टाकली. एवढ्यात पोलिसांची गाडीही आली आणि जमाव पांगला.

सुनेला दुसऱ्या दिवशी मीच खटपट करून धंतोलीत भरती केलं. टायफॉइड निघाला. आठवड्यानं ती बरी होऊन घरी गेली. दीर मला काकाजी म्हणायला लागला. म्हातारीची कोणी माफी मागितल्याचं मात्र मला कळलं नाही.

सहा-सात महिन्यांनी, पाऊस थांबल्यावर, मी पुन्हा गेलो. आता मापाला लाकडी फूटपट्टी नेली, आणि पीठ बंद. येताना बाजारातून पाच चांगली रसदार लिंबं मुद्दाम घेतली होती, म्हातारीसाठी. तिनं लोट्यातून पाणी दिलं, बकऱ्यांचं सांगितलं. मी लिंबं पुढं केली तसा तिनं हात मागं घेतला.

"नोको गा भाऊ. मी आता लिंबू घरात ठेवत नाही."

मी म्हटलं, आता तर साऱ्या गावाला खरं काय ते कळलं, कोणी काही म्हणणार नाही. घे, वरणात बरं लागतं. तिनं एकदा गावाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुमी पाचच्या बसनं जासान," ती म्हणाली. "मले इथंच राहाचं हाय."

मी लिंबं परत पिशवीत टाकली आणि पाचच्या बसनं घरी आलो.