‘सोडतेय हां’ म्हणणाऱ्या कुमुदताई

कुमुदताई तावडे यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा माझ्या हातात माझ्या मुलीची सायकल होती आणि मुलगी मैत्रिणींबरोबर पुढे पळाली होती. मुलुंड पूर्वेचं शाळेमागचं मैदान, सकाळचे सहा. मी अडतीस वर्षांची, घाटकोपरच्या एका ऑफिसात कारकून. मैदानाच्या कोपऱ्यात पाच-सहा बायका सायकली धरून उभ्या होत्या आणि पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई, पदर कमरेला खोचून, पान्याने एका सायकलचं पायडल काढत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, “सायकल कोणाची?”

“मुलीची.”

“मग तू कशाला धरलीयस?”

“ती दमते ना.”

“आणि तू?”

“मला येत नाही.”

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. “उद्या सहाला ये. सायकल घरापासून हातात धरून चालत आणायची. मुलीला पाठवायचं नाही.” मी येईन का, हे त्यांनी विचारलं नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायची सोयच उरली नाही.

ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत असताना निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या सायकलवर्गाविषयी मी लिहावं, असं संपादक मंडळाने सांगितलं. वीसएक वर्षं त्यांनी या मैदानावर मोठ्या वयाच्या बायकांना सायकल शिकवली. मी त्यांची विद्यार्थिनी, पुढे मदतनीस. थोरामोठ्यांसारखं लिहायला मला जमणार नाही. शिवाय या लेखात मला एक गुन्हाही कबूल करायचा आहे, तो ओघाने येईलच.

ताई मूळच्या मालवणकडच्या. लग्न होऊन मुंबईत आल्या, यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि यजमानांची सायकल मुलुंडच्या चाळीत जिन्याखाली गंजत पडली. ताईंना औषधाच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं होतं. चालत जायचं तर मुलगा शाळेतून यायच्या आत घरी पोचता येत नसे. एका रविवारी त्यांनी ती पुरुषी सायकल बाहेर काढली, नळीवरून पाय टाकायला साडी आड येते म्हणून नळीखालून पाय घातला आणि मिठागराच्या बाजूच्या सुनसान रस्त्यावर एकट्याच शिकल्या. पुढे निवृत्त होईपर्यंत त्या सायकलनेच कामावर गेल्या. एकदा महिला दिनाला कोणीतरी त्यांना ‘सायकल आणि स्त्रीमुक्ती’ या विषयावर बोलायला बोलावलं. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मला मुक्ती बिक्ती काय ठाऊक नव्हती. मला वेळेवर पोचायचं होतं. पोचल्यावर कळलं, की रस्त्यात मला कोणी काही विचारत नाही. एवढंच.” आणि खाली बसल्या. आयोजकांनी अर्धा तास राखून ठेवला होता.

त्यांची शिकवायची पद्धत त्यांचीच होती. पहिला आठवडा सायकलवर बसायचंच नाही. रोज घरापासून मैदानापर्यंत आणि परत, सायकल हातात धरून चालायचं, तेही आपल्या सोसायटीच्या फाटकातून आणि बाजाराच्या रस्त्याने. मला हे खुळचट वाटलं होतं. पहिल्या दिवशी वॉचमन म्हणाला, “भाभी, पंक्चर?” सेक्रेटरी म्हणाले, “वहिनी, पंक्चर झाली वाटतं?” भाजीवालीनेही तेच विचारलं. बाईच्या हातात सायकल म्हणजे ती बिघडलेलीच असणार आणि कोणातरी पुरुषाकडे दुरुस्तीला चालली असणार, असा सगळ्यांचा समज. घरी सासूबाई म्हणाल्या, “या वयात हाडं मोडून घ्यायची हौस!” सहा दिवस मी मान खाली घालून चालले. सातव्या दिवशी कोणी काही विचारलं नाही. ताईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “झालं. कठीण ते संपलं. आता नुसता बॅलन्स राहिला.”

मग त्या दोन्ही पायडलं काढून ठेवत आणि आम्हाला जमिनीवर पाय मारत सायकल ढकलायला लावत. चाळीस-पन्नाशीच्या बायका बदकांसारख्या मैदानभर फिरत आणि एकमेकींना हसत. पडलेल्या बाईला ताई उचलायला जात नसत. “आधी सायकल उचल, मग स्वतःला बघ,” असं लांबूनच ओरडत. पायडलं परत बसली, की त्या मागून सीट धरून धावत. आणि इथे त्यांचा तो नियम होता. सायकल शिकवणारा हात गुपचूप काढून घेतो आणि शिकणाऱ्याला ते मागाहून कळतं, हे सगळ्या जगात चालतं. ताईंना ते चालत नसे. त्या मोठ्याने सांगत, “सोडतेय हां!” आणि मगच सोडत. ऐकल्याबरोबर घाबरून आम्ही हमखास धडपडायचो. मी एकदा वैतागून म्हणाले, “ताई, न सांगता सोडा ना. सगळे तसंच शिकवतात.”

त्यांनी डावा हात पुढे केला. कोपर जरा वाकडं होतं. “मी दहा वर्षांची होते. माका भावान सांगूक नाय. सोडल्यान आणि मी पडलंय. हात मोडला, आणि घरच्यांनी सायकल बंद केली ती केलीच. बाईला सगळे फसवूनच शिकवतात गो. तुझ्या भल्यासाठी म्हणतात. मी नाही फसवायची. पडलीस तरी चालेल, पण ठाऊक असून पड.”

मी अकरा वेळा पडले. बाराव्यांदा ‘सोडतेय हां’ ऐकलं आणि पुढे गेले. मैदानाला अख्खी फेरी मारून आले, तेव्हा ताई जाग्यावरच उभ्या होत्या आणि टाळ्या वाजवायचं सोडून माझ्या मागच्या चाकाकडे बघत होत्या. “हवा कमी आहे,” म्हणाल्या. त्या दिवशी मी ऑफिसात उगाचच सगळ्यांशी गोड बोलत होते.

वर्गात कुठून कुठून बायका येत. मानखुर्दची सरिता बहिणीकडे राहायला आली असताना शिकून गेली. ती घरोघरी स्वयंपाक करत असे. काही महिन्यांनी भेटायला आली, तेव्हा ताईंनी विचारलं, “काय फरक पडला?” ती म्हणाली, “ताई, दुपारचा अर्धा तास वाचतो.” “मग त्यात काय करतेस?” सरिता लाजली. “घरी सांगत नाही. खाडीच्या बाजूला जाऊन नुसती बसते.” आम्ही हसलो. ताई हसल्या नाहीत. “घरातला बाप्या अर्धा तास कुठे होता, हे कोण विचारतं? बस तू. सांगू नकोस,” म्हणाल्या. समानतेवर मी पुढे बरीच भाषणं ऐकली, पण माझ्या डोक्यात सरिताचा तो अर्धा तासच राहिला.

माझी आई आजारी पडून पश्चिमेच्या एका इस्पितळात होती, तेव्हा ताई रोज सकाळी हँडलला डबा अडकवून यायच्या. पुलावर चढताना सायकल ढकलायची, उतारावर बसायचं. डब्यात मऊ पेज आणि वर कागदात बांधलेलं चिमूटभर मीठ, कारण आईला मीठ किती चालतं हे डॉक्टरच ठरवतील, असं त्यांचं म्हणणं. आईने शेवटचं जे खाल्लं, ती ती पेज होती. त्याबद्दल मी ताईंचे आभार कधीच मानले नाहीत. इथे मानते.

आता त्या मैदानाला कुंपण झालंय. आत चालायची पट्टी आहे आणि फाटकावर ‘सायकलला मनाई’ अशी पाटी आहे. वर्ग बंद पडला. अजूनही मला साडेपाचला जाग येते. काही क्षण वाटतं, उठायला हवं, ताई वाट बघत असतील. मग आठवतं आणि मी पडून राहते. ओल्या मातीवरच्या चाकांच्या रेघा, बायकांचं खिदळणं, आणि मागून येणारी ती हाक, हे सगळं मला परत हवं आहे. वयाला शोभत नाही, पण जीव तुटतो त्यासाठी.

आता तो गुन्हा. तीन वर्षांपूर्वी बाजाराच्या रस्त्यावर ताईंना चक्कर आली आणि त्या सायकलवरून पडल्या. मनगटाला प्लास्टर झालं. त्यांचा मुलगा अजित बोरिवलीला राहतो. त्याचा मला फोन आला, “मावशी, आई तुमचं ऐकते. आता सायकल बंद करा.” आम्ही वर्गातल्या जुन्या पाचजणी माझ्या घरी पोहे खात बसलो आणि ठरवून टाकलं, की ताईंनी यापुढे सायकल चालवायची नाही. त्यांना समोर बसवून सांगायची मात्र एकीचीही छाती झाली नाही. प्लास्टरच्या दिवसांत जिन्याखालची त्यांची सायकल मीच पुसत होते, त्यामुळे कुलपाची चावी माझ्याकडे होती. प्लास्टर निघाल्यावर त्यांनी चावी मागितली, तेव्हा मी म्हणाले, “ताई, हरवली हो. शोधते.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “बरं,” म्हणाल्या. पुन्हा कधी विचारलं नाही.

चावी माझ्या देव्हाऱ्याच्या खणात, कुंकवाच्या डबीमागे होती. रोज दिवा लावताना दिसायची. आपण भलंच केलं, असं मी मनाला सांगायची. पण दर रविवारी ताईंकडे गेले, की सायकलच्या चेनला ताजं तेल दिसायचं, चाकांत हवा दिसायची. कुलूप लावलेल्या सायकलला तीन वर्षं कोण हवा भरतं? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही काहीतरी विचारलं गेलं असतं.

हा लेख लिहायला बसले आणि ‘ताई कोणाला न सांगता कधी सोडत नसत’ हे वाक्य लिहिलं. पुढे हात चालेना. आमच्या घरच्या माणसांनी आमच्याशी जे केलं, तेच आम्ही पाचजणींनी ताईंशी केलं होतं. काळजीपोटी, आपसांत ठरवून, आणि त्यांना न सांगता. ताईंना विचारलं नाही ते नाहीच, डॉक्टरांनाही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी अजितला घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, चक्कर रक्तदाबाच्या गोळीची होती, गोळी तेव्हाच बदलली. रहदारीत नको, पण सपाट जागी, कोणी सोबत असेल तर चालवायला हरकत नाही. तेव्हाही हेच सांगितलं असतं, म्हणाले. अजित खाली बघत होता, मीही.

परवाच्या रविवारी मी चावी घेऊन ताईंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. चावी ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, “हरवली नव्हती. मी लपवली होती.”

“ठाऊक आहे,” म्हणाल्या, आणि खडा काढून बाजूला ठेवला. मग उठल्या, कॅलेंडरच्या खिळ्यावरून एक चावी काढली आणि माझ्या चावीशेजारी ठेवली. दोन्ही अगदी सारख्या. “कुलपाला दोन चाव्या येतात गो विद्या. एवढं विसरलीस?”

मी दोन्ही चाव्या उचलून पाहिल्या. “म्हणजे तीन वर्षं... मग चालवली का नाही तुम्ही?”

“चालवली असती तर तू खोटी पडली असतीस. चौघींच्या पुढ्यात तुला मान वर करता आली नसती.” त्यांनी ताट पुन्हा मांडीवर घेतलं. “रोज वाटायचं, आज सांगेल. म्हणून हवा भरून ठेवायची.”

मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून लहान मुलासारखी रडले. बाहत्तराव्या वर्षापासूनची तीन वर्षं काही थोडी नसतात. वाकड्या कोपराने आणि साडीने जी सायकल त्यांनी कमावली होती, ती त्यांनी माझी लाज राखायला जिन्याखाली ठेवली. या गौरवग्रंथात त्यांचे पुष्कळ गुण सांगितले जातील. मला ठाऊक असलेला सगळ्यात मोठा हा आहे, आणि तो कळायला मला खोटं बोलावं लागलं.

कुमुदताई, समारंभाच्या दिवशी शाल आणि श्रीफळ संध्याकाळी आहेच. त्याआधी सकाळी सहाला मिठागराच्या बाजूच्या त्या रस्त्यावर यायचं. मी सायकल तुमच्या घरापासून हातात धरून, बाजाराच्या रस्त्याने चालत आणते. वाटेत कोणी पंक्चर झाली का विचारलं, तर काय सांगायचं ते मला आता येतं. तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, गुडघे आणि मनगटं धड राहोत, नजर लांबवर पोचो, आणि चाकांत हवा भरायला तुमचेच हात असोत. मी मागून सीट धरून चालेन. आता मलाही दम लागतो, पण धरून ठेवेन.

फक्त या वेळी, ताई, सोडायचं कधी, ते तुम्ही सांगायचं.