टाकीवरच्या दोन पट्ट्या

त्या विलायती कंपनीने आपल्या फटफटीत काय काय सुधारणा केल्या, याचं कौतुक मी करायचं नाही तर कुणी करायचं? आधी मागच्या चाकाला स्प्रिंगच नव्हती. नाशिक रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट कण्यात जमा व्हायचा. मग स्प्रिंग आली. मग मद्रासला जोडणी सुरू झाली. एक गोष्ट मात्र साहेबांनी हट्टाने तशीच ठेवली, आणि तिनेच मला बुडवलं.

तेव्हा मी चाकणच्या बाजारात हेडी होतो, म्हणजे बैलांचा दलाल. बापाने काही मागे ठेवलं नव्हतं; सगळं पोट जिभेवर. खेडच्या डॉक्टरांना त्याच कंपनीची फटफटी हवी होती आणि नव्या गाडीची वाट पाहून ते कंटाळले होते. मोशीत लष्करातून निवृत्त झालेल्या एका शेतकऱ्याकडे जुनी होती. मोशीत घ्यायची, खेडला द्यायची आणि त्या नफ्यात चाकणला रस्त्याकाठी स्वतःची जागा घ्यायची, एवढाच माझा बेत.

"बैलासारखा सौदा करू," मी म्हणालो आणि रुमाल पसरला. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. फौजीला घाम फुटला, पण शेवटी त्याने मान हलवली. मी साठवलेले सगळे पैसे मोजून दिले. मग आत जाऊन तो पेचकस घेऊन आला आणि टाकीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या कंपनीच्या नावाच्या पट्ट्या काढू लागला.

"हे काय?"

"दावं. जनावर इकलं तरी गळ्यातलं दावं धन्याचंच. घरची लक्षुमी घरात ऱ्हाती. हेड्याला ह्ये सांगाय पायजे व्हय?"

पत्र्याच्या पट्टीत लक्ष्मी! हसत हसत मी खेड गाठलं.

डॉक्टरांनी फटफटीभोवती फेरी मारली. "नाव कुठाय?"

"कागदावर आहे, डॉक्टरसाहेब."

"मग कागद टाकीला चिकटवून हिंडू? समोरचे वैद्यबुवा म्हणतील, भंगारातून जोडून आणली. आधी नाव आणा, मग बोलू."

एवढा शिकलेला माणूस, पण इंजिनापेक्षा पत्रा मोठा! दात-ओठ खात मी मोशीला परतलो. पट्ट्या गोठ्यात खुंटीला टांगलेल्या होत्या, वर हळदीकुंकू.

"त्या दे," मी म्हणालो.

"बाजारात कुणी दावं मागितलं, तर तू काय म्हणतोस?"

काय म्हणतो ते सगळ्या चाकणला पाठ होतं.

"बैल परत दे, दाव्यासकट ठिवून घितो," असं म्हणत त्याने स्वतःचा रुमाल माझ्या हातावर टाकला आणि बोटं दाबली. लंगड्या वासरालाही लाज वाटेल असा भाव! माझं डोकं फिरलं. रुमाल त्याच्या अंगावर फेकला, किक मारली आणि निघालो.

डॉक्टरांनी पुढे नवीच घेतली. रस्त्याकाठची जागा दुसऱ्याच दलालाने घेतली. त्याच्या दारावरून मी बिननावाच्या फटफटीवर बसून बाजाराला जायचो आणि तो मुद्दाम हात करायचा.

पुढे त्या कंपनीचं नवं मॉडेल दिसलं की मी आधी टाकीजवळ वाकायचो. दिवा बदलला, सीट बदलली, स्प्रिंग सुधारली. नावाची पट्टी मात्र तशीच, दोन स्क्रूंवर. इतकी वर्षं डोकं लढवणाऱ्या साहेबांना एक रिव्हेट मारायचं सुचलं नाही.