सव्वा मूठ गहू

खंडव्याकडच्या लालबागच्या मालूबाईंच्या परसात झाडं मोजकीच, पण उपदेश भरघोस! दुधीचा वेल भिंतीवर चढला की म्हणणार, "बघा, आधार धरला तर जीव तरतो." तुळस सुकली तर त्यातही त्यांना वैराग्य दिसायचं. भांडी घासताना, तांदूळ निवडताना, कुठंही देव सापडायचा बाईंना. गल्लीतल्या बायका मागं हसायच्या, पण दुःख आलं की त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसायच्या. खोटं कशाला बोला, बरं वाटायचं.

एकदाच ते औषध उलटं पडलं. चुलत जाऊ रंभाबाई, तिचा मुलगा धर्मेंद्र तापानं गेला. सुपडू, त्याचं पोर, तेव्हा रांगत होतं. वर्ष उलटून श्रावणातला कानबाईचा सण आला. या घराण्यात रोटासाठी, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या पोळ्यांसाठी, दर पुरुषामागं, तान्हं पोर धरून, देवीच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. मोजायचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे मालूबाईंचा. रंभाबाईनं हळूच विचारलं, "धर्मेंद्रची?"

मालूबाईंनी परसातल्या केळीकडं बोट केलं. "घड दिला की केळ जाते, रंभा. बुडातलं पिल राहतं. तुझा सुपडू आहे ना? गेलेल्याची मूठ काढत नसतात."

अगं माय, आईला सांगायची गोष्ट का ही! रंभाबाई उठून घरी गेली. मालूबाईंना वाटलं, पटलं तिला.

मग मालूबाईंचा हर्षल गेला. एकुलता एक, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, खंडव्याच्या रस्त्यावर ट्रकखाली आला. मागच्या श्रावणात घरात सण झालाच नाही. यंदा पुन्हा सूप पुढ्यात, कोठी उघडी, भाऊबंदांच्या बायका भोवती.

"यांची," म्हणत त्यांनी नवऱ्याची मूठ सुपात टाकली. हात आपसूक पुन्हा कोठीत गेला.

"हर्षलची."

आणि हात तसाच अधांतरी राहिला. सून मोनालीनं तोंडाला ओढणी लावली. "मम्मी, बस ना आता..."

देवीच्या नावानं उचललेले गहू कोठीत परत जात नाहीत. गेलेल्याचे सुपात पडत नाहीत. उजवी मूठ तर उघडेना, आणि डाव्या हातानं देवीचं कोण मोजतं? सगळ्या घराचा रोट अडला.

मालूबाईंनी सवयीनं परसाकडं पाहिलं. केळ होती, दुधी होती, तुळस होती. एकीनंही काही सांगितलं नाही. हर्षलमागं तर पिलही नव्हतं.

"रंभा, त्या साली तू काय केलंस गं?"

"घरी जाऊन काढली त्याची मूठ. पण दळून काय करणार? कच्चीच चावून खाल्ली."

मालूबाईंनी मूठ पुढं केली. "ही घे. धर्मेंद्रची म्हणून घे. चुकलं माझं."

"आता नको, जाऊबाई. तेव्हा पाहिजे होती."

मालूबाईंनी ते गहू स्वतःच्या तोंडात कोंबले. टणक, कोरडे. डोळ्यांना धारा लागल्या, घास काही उतरेना. उठून पाणी द्यायचंही कुणाला सुचलं नाही.

रंभाबाईनं सूप त्यांच्यापुढं सरकवलं.

"चावून झालं की माझ्या सुपडूची मोजा," ती म्हणाली.