दार लागलं

मॅडम वाकवलेल्या बोटानं टेबलावर दोनदा वाजवायच्या. "हे नॉक." मग तळहात आपटायच्या. "हे स्लॅप." मग हवेतल्या वाटीत अंडं फेटायच्या. "आणि हे बीट. ढोल वाजवला तरी बीट, मॅचमध्ये समोरच्याला हरवलं तरी बीट." आपल्याकडं फोनपासून गप्पांपर्यंत सगळं 'मारतात', इंग्रजीत प्रत्येक माराला वेगळं नाव असतं, हे जळकोटच्या शाळेत आम्हाला त्यांच्यामुळं कळलं. छडी मात्र त्यांनी कधी हातात धरली नाही.

"हृदयसुद्धा बीट होतं," त्या एकदा म्हणाल्या.

"म्हंजी आतनं बी मारच व्हय, मॅडम?" मागच्या बाकावरून संगीतानं विचारलं.

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. "तो चालू आहे तोवर आपण चालू."

माझ्या घरात माझ्याआधी कुणी दहावी झालेलं नव्हतं. आज मी पदवीधर आहे, ते त्यांनी इंग्रजीची धास्ती घालवली म्हणून. तुमच्याही शाळेत अशा कुणी मॅडम असतील. शाळा सुटताना त्यांचा चेहरा तुम्ही पाहिलात का, एवढंच विचारतो.

आमच्या मॅडमना न्यायला त्यांचे मालक मोटारसायकलवर यायचे. गेटबाहेर हॉर्न वाजला की त्या वाक्य अर्धवट टाकून खडू ठेवायच्या. कधी गाल सुजलेला असायचा. "दार लागलं," म्हणायच्या.

"मॅडमच्या घराला लई दारं हायत," संगीता एकदा पुटपुटली. त्या वेळी कुणी हसलं नाही.

एका दुपारी क्रियापदांची रूपं चालली होती. संगीता उठून म्हणाली, "हिट, हिटेड, हिटेड."

"हिटेड नसतं गं. हिट, हिट, हिट. काल तेच, आजही तेच. ते बदलत नाही."

"कधीच न्हाय?"

मॅडमनी खडू उचलला. मग फळ्यावर लिहिलं, स्ट्राइक, स्ट्रक. "हे बदलतं. याचा अर्थ मारणं. आणि संपसुद्धा."

बाहेर हॉर्न वाजला. मॅडम खुर्चीवर बसल्या. पुन्हा वाजला, लांबलचक.

"लिहून घ्या," त्या आम्हाला म्हणाल्या.

त्या दिवशी त्या मागच्या बाजूनं हायवेवर गेल्या आणि एसटी धरून सास्तूरला, माहेरी. थोड्याच दिवसांत मालकांनी त्यांना परत आणलं. शाळेत मात्र पुन्हा पाठवलं नाही.

दहावीचा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. दाराला बाहेरून कुलूप होतं. परत फिरणार, तेवढ्यात आत भांडं वाजलं. मी वाकवलेल्या बोटानं दोनदा वाजवलं. पावलं दाराशी आली.

"नॉक," आतून मॅडम म्हणाल्या. "बरोबर."

"मॅडम, मी पास झालो. इंग्रजीत बी."

"मग पेढा? खालून सरकव की."

कागदावर ठेवलेला पेढा मी दाराखालच्या फटीतून सरकवला. कागद आत ओढला गेला.

"मॅडम, दार..."

"लागलंय रे," त्या म्हणाल्या.